तटबंदीच्या आत कोण राहतं

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि व्हेनिसची होडी ही त्रयी ठरलेली असते. ताईनं ती काही वर्षांपूर्वी एका टूरबरोबर उरकली होती. तिच्या आठवणीत राहिले ते बसमध्ये वाटलेले ठेपले आणि पहाटे पाचला खणखणणारा हॉटेलचा फोन. त्यामुळे या वेळी तिनं अट घातली: देश एकच, गावं थोडी, आणि पहाटेचे फोन नाहीत. मी क्रोएशिया सुचवलं. एक तर 2023 च्या 1 जानेवारीपासून तिथं शेंगेन व्हिसा आणि युरो दोन्ही चालतात. दुसरं म्हणजे त्याचा दालमेशिया हा किनारपट्टीचा प्रांत (ठिपक्यांच्या कुत्र्यांना ज्याचं नाव मिळालं तोच) नकाशावर पाहिला तरी मोह पडतो. मागे चुनखडीचे उघडेबोडके डोंगर, पुढे अ‍ॅड्रियाटिक समुद्र, त्यात शेकडो बेटं, आणि डोंगर नि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दगडी गावांची माळ. यातली बहुतेक गावं 1420 पासून 1797 पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होती. दुब्रोव्निक तेवढं हाती लागलं नाही.

सप्टेंबर संपत आला होता. उन्हाळ्याची झुंबड ओसरलेली, पाणी अजून कोमट.

स्प्लिटला बंदरासमोर रिव्हा नावाचा रुंद रस्ता आहे, फिरायला येणाऱ्यांसाठीच केलेला. पामची झाडं, कॅफेंच्या छत्र्या, छत्र्यांमागे दुकानं आणि घरांची लांबच लांब रांग. खिडक्यांत टॉवेल वाळत घातलेले. जरा निरखून पाहिलं की दोन खिडक्यांच्या मधून अर्धा खांब बाहेर आलेला दिसतो, वर एखादी कमान दिसते, आणि ती कमान कुणीतरी दगड रचून बुजवलेली असते. ही रांग म्हणजे एका रोमन सम्राटाच्या राजवाड्याची दक्षिणेकडची भिंत आहे. वाडा बांधला तेव्हा समुद्र थेट भिंतीला लागत होता.

तो सम्राट डायोक्लेशियन. याच मुलखात साध्या घरात जन्मला, सैन्यातून वर चढला, 284 साली सम्राट झाला. एवढं साम्राज्य एकट्याच्या आवाक्यातलं नाही म्हणून त्यानं कारभार चौघांत वाटून दिला आणि 305 साली आपणहून गादी सोडली. त्याच्या आधीच्या कित्येक सम्राटांची गादी सुटली होती ती खून होऊन. हा मात्र समुद्रकाठी घर बांधून राहायला आला. घर म्हणजे 215 मीटर लांब आणि 180 मीटर रुंद, समोरच्या ब्राच बेटावरच्या पांढऱ्या दगडाचं, इजिप्तहून आणलेल्या ग्रॅनाइटच्या स्फिंक्ससकट. पुन्हा राज्य सांभाळा म्हणून गळ घालणाऱ्यांना त्यानं सांगितलं, मी लावलेले कोबी एकदा बघा, मग असलं काही विचारणार नाही. ही गोष्ट जुन्या इतिहासकारांनीच नोंदलेली आहे. ताई महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली. दोन महिन्यांपूर्वीच तिला सल्लागार म्हणून परत बोलावणं आलं होतं. कोबीची गोष्ट तिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, “हा माणूस शहाणा होता.”

शहाणा असेल, पण त्याच्याच राज्यात ख्रिस्ती लोकांचा फार छळ झाला. शेजारच्या सालोना या मोठ्या शहराचा बिशप दोम्निउस 304 साली त्यात मारला गेला. पुढे सातव्या शतकात आवार आणि स्लाव टोळ्यांनी सालोनाची राखरांगोळी केली. तिथले लोक जीव घेऊन पळाले आणि त्यांतले बरेच या वाड्यात शिरले. भिंती जाड होत्या, दारं बंद करता येत होती, एवढं त्यांना पुरेसं होतं. दरबाराच्या दालनात आडव्या भिंती घालून त्यांनी खोल्या केल्या, खांबांच्या मधे घरं बसवली, तबेल्याच्या जागी चुली पेटवल्या. सम्राटाच्या अष्टकोनी समाधीचं त्यांनी कॅथेड्रल केलं आणि त्याला नाव दिलं त्याच दोम्निउसचं. सम्राटाची शवपेटी नाहीशी झाली. घुमटाखालच्या नक्षीपट्टीत त्याचा आणि त्याच्या बायकोचा म्हणून ओळखला जाणारा चेहरा तेवढा राहिला. आपण ज्यांना मारलं त्यांच्या पूजेला रोज वरून बघत बसायचं, यापेक्षा कडक शिक्षा मला तरी सुचत नाही.

या कॅथेड्रलला लाकडी दारं आहेत, 1214 साली आंद्रिया बुव्हिना नावाच्या कारागिरानं कोरलेली. येशूच्या आयुष्यातले अठ्ठावीस प्रसंग. त्यांच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. ताई मात्र तळघरात रमली.

वाडा उताराच्या जमिनीवर आहे. समुद्राकडची बाजू वर उचलून सपाटी करायची म्हणून खाली प्रचंड कमानदार तळघरं बांधली गेली. वरच्या मजल्यावरचे सम्राटाचे महाल नंतरच्या घरांनी गिळले, पण तळघरांचा आराखडा हुबेहूब वरच्यासारखाच असल्यामुळे महाल कसे होते ते आज खाली फिरून कळतं. आणि तळघरं टिकली ती कशामुळे? वर राहणाऱ्यांनी जमिनीला भोकं पाडली आणि घरातला सगळा कचरा, सगळी घाण शतकानुशतकं खाली सोडली. दालनं ठासून भरली. त्यांत कुणाला राहता आलं नाही, कुणाला दगड काढून नेता आले नाहीत. विसाव्या शतकात ती उपसली तेव्हा कमानी जशाच्या तशा. ताई छताच्या एका भोकाखाली मान वर करून उभी राहिली. “तीस वर्षं आम्ही लोकांना सांगत आलो, असं करू नका,” ती म्हणाली. “आणि इथं त्याचं तिकीट लावलंय.”

1757 साली रॉबर्ट अ‍ॅडम हा स्कॉटिश वास्तुविशारद इथं आला, चित्रकार आणि नकाशे काढणारे घेऊन, आणि 1764 मध्ये त्यानं या वाड्याच्या मोजमापांचं मोठं पुस्तक काढलं. त्यावरून ब्रिटनमध्ये घरांच्या दर्शनी भागांची एक शैलीच निघाली. त्याच्या चित्रांत वाडा सलग आणि भव्य दिसतो. प्रत्यक्षात मजा सलगपणात नाही. ज्युपिटरच्या देवळाचं बाप्तिस्माघर झालंय, त्या देवळाशेजारच्या बोळातून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, आणि बोळाचं नाव ‘मला जाऊ दे’. एका वळणावर रोमन खांबाला कुणीतरी सायकल साखळीनं बांधून ठेवली होती. जुनी वास्तू जपायची म्हणजे तिला हात लावायचा नाही, कुंपण घालायचं, अशी आपली कल्पना असते. हा वाडा कुंपण घालून ठेवला असता तर त्याचा दगड न् दगड आसपासच्या गावांत गेला असता. सालोनाचं तेच झालं. आज तिथं शेतांमधून अवशेष आहेत आणि बांधकामाचा बराच दगड स्प्लिटच्या घरांत आहे. लोक आत राहिले, त्यांनी तोडलं, जोडलं, घाण केली, आणि म्हणून तो उभा आहे.

आमची घरमालकीण वाड्याच्या आतच वाढलेली. सत्तरीच्या पुढची बाई, जिना चढताना एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात सिगरेट. आम्ही ज्या खोलीत झोपत होतो ती पूर्वी तिच्या सासूबाईंची. आता ती स्वतः बाहेर, सत्तरच्या दशकात बांधलेल्या ‘स्प्लिट तीन’ वसाहतीत लेकाकडे राहते आणि पाहुणे आले-गेले की चाव्या द्यायला येते. मोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, “तिकडे लिफ्ट आहे. इथं टुरिस्ट आहेत.” तक्रारीचा सूर नव्हता, पण बोळातल्या दारांकडे बोट दाखवत ती मोजायला लागली: हे भाड्यानं, ते भाड्यानं, ते हॉटेल, ते भाड्यानं, इथं एक म्हातारा आहे. मग पुन्हा भाड्यानं. आम्हीही त्या मोजणीत होतोच.

तरी स्प्लिट सगळंच पाहुण्यांना विकून मोकळं झालेलं नाही. वाड्याच्या पूर्वेच्या भिंतीला लागून सकाळी भाजीबाजार भरतो, पश्चिमेला मासळीबाजार. तिथं बारके तारले बर्फावर पसरलेले, माकुलं, मधेच एखादा जाडजूड ट्यूना, आणि माशी एकही नाही. शेजारी गंधकाचे झरे आहेत म्हणून माशा येत नाहीत, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. बाच्वित्से नावाच्या वाळूच्या किनाऱ्यावर घोट्याइतक्या पाण्यात पोटं सुटलेले साठीचे गृहस्थ एका चिमुकल्या चेंडूसाठी अंग झोकून देत होते. पिट्सिगिन नावाचा हा खेळ इथलाच. चेंडू पाण्याला लागू द्यायचा नाही, एवढाच नियम. गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. भिंतींवर जिथंतिथं हायदुक या फुटबॉल क्लबचं नाव रंगवलेलं. तो क्लब स्प्लिटच्या विद्यार्थ्यांनी 1911 साली स्थापन केला, तोही प्रागमधल्या एका बिअरच्या गुत्त्यात बसून.

त्रोगिर अर्ध्या दिवसाचं गाव. एवढंसं बेट, पुलांनी जोडलेलं, आणि 1240 साली रादोव्हान नावाच्या शिल्पकारानं कोरलेला कॅथेड्रलचा दरवाजा. त्यात आदम आणि ईव्ह सिंहांवर उभे आहेत आणि बाजूला डुक्कर मारणारा, चामडं कमावणारा अशी साधी कामकरी माणसं बारा महिन्यांची कामं करताहेत. तो दरवाजा पाहावा, एक आइस्क्रीम खावं आणि बस पकडावी. बाकी सगळं फोटोंत येतं तसंच आहे.

शिबेनिकला मात्र मी दोनदा गेले असते. तिथलं सेंट जेम्सचं कॅथेड्रल 1431 ते 1535 असं शंभराहून अधिक वर्षं बांधलं जात होतं आणि त्यात वीट नाही, लाकूड नाही. छप्परसुद्धा दगडी फरश्यांचं, एकीची कड दुसरीच्या खाचेत बसवलेलं. आतली जी अर्धगोल कमान तीच बाहेरून छप्पर. मधे माळा नाही, लपवाछपवी नाही. 1441 पासून काम युराय दालमातिनात्स या स्थपतीकडे होतं, आणि त्याची खरी गंमत मागच्या बाजूला, अर्धवर्तुळाकार भिंतीवर, डोक्यापेक्षा थोड्या उंचीवर आहे. तिथं एका ओळीत माणसांची सत्तरहून अधिक मुंडकी कोरली आहेत. संत नाहीत, राजे नाहीत. एक झोपाळू, एक दात विचकणारा, एक पगडीवाला, एक गोंडस पोर, एक कंटाळलेला म्हातारा. गावातल्या ज्या चिक्कू मंडळींनी वर्गणी दिली नाही त्यांचे चेहरे त्यानं मुद्दाम वेडेवाकडे काढले, असं गाईड सांगतात. दंतकथाच असणार, पण गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या कुणालाही ती पटेल. चर्चच्या भिंतीवर पंधराव्या शतकातलं सबंध गाव असं ठेवून देणं, आणि तेही चांगलं दिसायची सक्ती न करता, हे मला सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं काम वाटलं. 1991 च्या सप्टेंबरात तोफगोळ्यानं या चर्चच्या घुमटाला भोक पडलं. आता ते नीट शोधूनही दिसत नाही.

ह्वार बेटावर लोक जातात ते ह्वार गावात, नौकावाल्या श्रीमंतांच्या पार्ट्या बघायला. आम्ही स्प्लिटहून मोठ्या फेरीनं दोन तासांत दुसऱ्या बाजूच्या स्तारी ग्रादला उतरलो. इसवीसनापूर्वी 384 मध्ये पारोस बेटावरचे ग्रीक इथं वसाहत करायला आले. त्यांनी गावामागच्या सपाट जमिनीची मोजणी करून लांबट आयतांचे तुकडे पाडले, प्रत्येक साधारण नऊशे मीटर लांब आणि एकशे ऐंशी मीटर रुंद, आणि हद्दींवर शेतातल्याच दगडांचे बांध रचले. मालक बदलले, भाषा बदलली, देव बदलले, पण बांध तिथंच आहेत आणि आत द्राक्षं नि ऑलिव्ह पिकतात. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड: थेट आपल्या कोकणातला गडगा, फक्त जांभ्याऐवजी चुनखडीचा. युनेस्कोनं 2008 साली हे शेत जागतिक वारशात घेतलं. पाहायला म्हणून तिथं काहीच नाही. धुळीचा रस्ता, अंजिराची झाडं, एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्यानं हात केला, आम्हीही केला. चोवीसशे वर्षांची बांधाबांधाची भांडणं या जमिनीनं पाहिली असतील, असं ताई म्हणाली. तिच्या बोलण्याला आमच्या गावच्या सातबाऱ्याचा संदर्भ होता.

स्प्लिट ते दुब्रोव्निक बसनं चार तासांचा रस्ता. बॅग पोटात टाकायची तर ड्रायव्हर तिचे वेगळे पैसे रोख घेतो, तेवढी सुट्टी नाणी जवळ ठेवावीत. या रस्त्याची खरी कथा मात्र नेउमची आहे. पूर्वी या प्रवासात मधेच दुसरा देश लागायचा: बोस्नियाच्या वाट्याला समुद्राची जेमतेम वीस किलोमीटरची चिरोटी आली आहे, आणि ती क्रोएशियाचे दोन तुकडे करते. याला कारण दुब्रोव्निकचीच एक जुनी हुशारी. 1699 च्या तहाच्या वेळी त्या छोट्या प्रजासत्ताकाला तुर्कांपेक्षा शेजारच्या व्हेनिसची भीती जास्त होती. म्हणून त्यांनी आपल्या किनाऱ्याचा एक तुकडा चक्क तुर्कांच्या हवाली केला. मधे सुलतान बसला की व्हेनिसचं सैन्य जमिनीवरून येणार नाही. त्या चालीमुळे सव्वातीनशे वर्षांनंतर बसमधल्या प्रवाशांना पासपोर्ट घेऊन रांगेत बसावं लागत होतं. 2022 च्या जुलैत पेल्येशात्स पूल सुरू झाला. जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, मुख्यतः युरोपियन युनियनच्या पैशातून, चिनी कंपनीनं बांधलेला. आता नेउम टाळून समुद्रावरून जाता येतं. सतराव्या शतकातला व्हेनिसचा धाक, ब्रुसेल्सचा पैसा आणि चिनी पोलाद, सगळं त्या एका पुलात आहे, आणि बस तो पाच मिनिटांत ओलांडते.

दुब्रोव्निक सुंदर आहे. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी कुरकुर करणार आहे. समुद्रातून वर आलेली सुमारे 1940 मीटरची तटबंदी, काही ठिकाणी पंचवीस मीटर उंच, आत नारिंगी कौलांची दाटी, मधून स्त्रादुन नावाचा चुनखडीचा रस्ता, पावलांनी घासून घासून इतका गुळगुळीत की रात्री दिवे त्यात दिसतात. तटावर फिरायचं तिकीट माणशी पस्तीस-चाळीस युरो. ते काढावंच. सकाळी तट उघडताच चढावं. अकरापर्यंत वर रेल्वेच्या पुलासारखी गर्दी होते.

वरून कौलांचे दोन रंग दिसतात. फिकट, डागाळलेली ती जुनी. एकसारखी तजेलदार ती 1991-92 च्या वेढ्यानंतरची. युगोस्लाव्ह सैन्यानं आसपासच्या डोंगरांवरून शहरावर तोफा डागल्या, कित्येक आठवडे नळाला पाणी नव्हतं, वीज नव्हती. 6 डिसेंबर 1991 चा मारा सर्वांत वाईट. जुन्या शहरातल्या निम्म्याहून अधिक इमारतींना गोळे लागले. पूर्वीची कौलं जवळच्या कुपारी गावची. तसला रंग नंतर मिळाला नाही. वरून पाहिलं की नवी कौलं जुन्यांपेक्षा कितीतरी जास्त. शहराच्या पश्चिम दरवाज्याशी एक नकाशा लावला आहे, कुठे गोळा पडला, कुठे आग लागली याच्या खुणांसह. त्याच्यासमोर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या सहलीवाल्यांचे घोळके उभे असतात, कारण त्यांची सहल तिथूनच सुरू होते.

या शहराचा इतिहास वाचताना मला सारखं वाटत होतं, की हे एखाद्या सावध वाण्याच्या पेढीसारखं चाललेलं राज्य होतं. रागुसा म्हणून ओळखलं जाणारं हे प्रजासत्ताक 1358 पासून नेपोलियनच्या मार्मों या सरदारानं 1808 मध्ये मोडीत काढेपर्यंत टिकलं. सैन्य नाममात्र. तुर्की सुलतानाला दरवर्षी 12,500 सोन्याची नाणी खंडणी आणि त्या बदल्यात सगळ्या तुर्की मुलखात व्यापाराची मुभा. राज्याचा प्रमुख, त्याला रेक्टर म्हणत, निवडला जाई फक्त एका महिन्यासाठी. त्या महिन्यात बायकामुलांना घरी ठेवून त्यानं सरकारी वाड्यात राहायचं आणि कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. वाड्यातल्या एका दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, की स्वतःच्या भानगडी विसरा आणि लोकांचं काम बघा. महिना संपला की दुसरा. एका माणसाला डोक्यावर चढायला वेळच द्यायचा नाही. गुलामांच्या व्यापारावर बंदी 1416 मध्ये. आणि 1377 मध्ये जगातला बहुधा पहिला असा कायदा: प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांनी आधी तीस दिवस बाहेरच्या बेटांवर काढायचे, मग शहरात पाय ठेवायचा. पुढे त्यासाठी पूर्वेच्या दरवाज्याबाहेर बांधलेली लाझारेती नावाची दगडी कोठारं अजून आहेत. आता तिथं नाचगाण्याचे कार्यक्रम होतात.

ताई या सगळ्यात ओनोफ्रिओच्या कारंज्यावर थबकली. 1438 साली ओनोफ्रिओ देल्ला काव्हा या इटालियन स्थपतीनं सुमारे बारा किलोमीटरवरच्या झऱ्यांतून उतारानं पाणी आणून शहरात सोडलं. घुमटाच्या गोल टाकीला सोळा दगडी मुखवटे, त्यांच्या तोंडातून आजही पिण्याचं पाणी पडतं. 1667 च्या 6 एप्रिलला मोठा भूकंप झाला, हजारो माणसं मेली, कारंज्यावरची शिल्पं गेली, पण पाणी चालू राहिलं. ताईनं बाटली भरली, एक घोट घेतला, पंप नाही, वीज नाही, म्हणाली, आणि पुढची पंधरा मिनिटं चढ-उताराचं गणित मला समजावलं. मला त्यातलं इतकंच कळलं, की बारा किलोमीटरभर पाणी न थांबता, न धावता चालत आलं पाहिजे.

शहराचा राखणदार सेंट ब्लेझ, तिथल्या भाषेत स्वेती व्लाहो. दरवाज्यांवर, बुरुजांवर, जिथं पाहाल तिथं त्याची मूर्ती, हातात शहराचीच लहानशी प्रतिकृती धरलेली. त्याच्या नावाचं एक चर्च गोव्यात, जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळी गावातही आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर मसाल्याच्या व्यापारात उतरलेल्या रागुसाच्या लोकांशी त्याचं नातं आहे, असं क्रोएशियातले काही अभ्यासक मांडतात. 3 फेब्रुवारीला दोन्हीकडे त्याचा सण असतो. चर्चसमोर एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “गोवा? हो, हो, आमचा व्लाहो तिथं आहे!” त्यांना ते आधीच माहीत होतं. मलाच ते इथं येण्याच्या तयारीत वाचताना कळलं होतं.

पण असे गृहस्थ भेटायला नशीब लागतं. युद्धापूर्वी तटाच्या आत पाच हजारांच्या घरात लोक राहत होते. आता त्यांच्या एक तृतीयांशसुद्धा उरलेले नाहीत. भूकंपानंतर स्त्रादुनवर एकसारखी घरं बांधली गेली: खाली दुकान, दार आणि दुकानाचा काउंटर एकाच कमानीत, वर राहायची जागा, आणि आग पसरू नये म्हणून स्वयंपाकघर अगदी वरच्या माळ्यावर. त्या माळ्यांवर आता आमच्यासारखे पाहुणे असतात. बंदराबाहेर मोठी क्रूझ जहाजं लागतात, एकेकातून दोन-तीन हजार माणसं उतरतात, चार तास फिरून जेवायला परत जहाजावर जातात. 2019 पासून नगरपालिकेनं एका वेळी दोनच जहाजांची मर्यादा घातली आहे. तरी दुपारी बारा वाजता स्त्रादुनवर उभं राहिलं की वाटतं, तीस दिवस बाहेर थांबवणारे लोक इतके काही चुकीचे नव्हते.

म्हणून एक दिवस आम्ही पळ काढला, तासाभरावरच्या स्तोनला. 1333 मध्ये दुब्रोव्निकनं हा भाग विकत घेतला तो मिठासाठी. मीठ म्हणजे तेव्हा रोकड. त्या मिठागरांच्या रक्षणासाठी डोंगरावरून चढत-उतरत जाणारी भिंत बांधली, अजूनही साडेपाच किलोमीटर शिल्लक आहे. तिच्यावर चढताना माझा दम निघाला. खाली मिठागराचे चौकोनी खण चमकत होते. त्यांतल्या काही खणांना संतांची नावं आहेत. आणि मीठ अजून निघतं. पलीकडच्या माली स्तोनच्या खाडीत कालवं वाढवतात, चपटी युरोपियन जातीची, लिंबू पिळून कच्चीच खायची. मी सहा खाल्ली. ताई शाकाहारी, तिनं मान वळवली. तिचं या देशात पोट भरलं ते मुख्यतः ब्लित्वावर: हिरव्या पाल्याची, बटाट्याची, लसूण नि ऑलिव्ह तेल घातलेली भाजी, जी प्रत्येक खानावळीत माशाच्या शेजारी येते. ती मासा नको, नुसती हीच द्या म्हणायची आणि वेटर दरवेळी विचारायचे, “नुसतीच?”

दुब्रोव्निकला परतल्यावर एका खानावळीतल्या वेटरनं मात्र तसं विचारलं नाही. त्यानं हिंदीत विचारलं, “दीदी, मिर्ची चाहिए?” पोरगा नेपाळचा, पोखऱ्याजवळचा. आत स्वयंपाकघरात आणखी दोन नेपाळी आणि एक केरळचा. क्रोएशिया 2013 मध्ये युरोपियन युनियनमध्ये गेला आणि इथली तरुण मुलं आयर्लंड, जर्मनीला निघाली. त्यांच्या जागी आता नेपाळ, भारत, फिलिपिन्सचे लोक येतात. कोळशाच्या निखाऱ्यात लोखंडी झाकणाखाली मांस भाजायची पेका ही दालमेशियाची खासियत तो पोरगा आता झोपेतही करू शकतो, असं म्हणाला. राहतो कुठे? मोकोशित्साला, नदीच्या खाडीपलीकडे, बसनं. तटाच्या आत भाडं परवडणारा कोण आहे? नोव्हेंबरात सीझन संपला की तो झाग्रेबला जाऊन घरोघरी जेवण पोचवायचं काम करणार होता. ताईनं त्याला विचारलं, आईला फोन करतोस का? त्यानं हिरवी मिरची चिरून आणून दिली, बिलात लावली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ताई एकटीच गुंदुलिच चौकात गेली. तिथं छोटा बाजार भरतो. बहुतेक टेबलांवर लव्हेंडरच्या पिशव्या, साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली, ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या, सगळं विमानात नेण्याजोगं. एका कडेला काळ्या कपड्यांतली एक बाई ब्लित्वाच्या जुड्या घेऊन बसली होती. ताईनं एक जुडी उचलली. बाईला वाटलं, फोटोसाठी. नाही, विकत घ्यायचीय म्हटल्यावर तिनं ताईला आपादमस्तक न्याहाळलं, मग शेजारणीला हाक मारली, आणि दोघींनी हातवारे करून कृती समजावली: आधी उकडायची, पाणी टाकून द्यायचं, मग बटाटा, मग लसूण. वर एक जुडी फुकट. ताईनं सगळं नीट ऐकून घेतलं, तीनदा मान डोलावली, आणि माळ्यावरच्या त्या स्वयंपाकघरात येऊन घरून आणलेल्या मोहरी-हिंगाची फोडणी करून पाला न उकडता परतला. बस अकराची होती. आम्ही कढईतूनच खाल्लं.